हिमालयन बाइक मागे लावून कायमचं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं आहे. ३१ फुटी क्लास सी मोटरहोमला झेपेल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी. येत्या एप्रिलमध्ये मी निवृत्त होतोय. न्यू जर्सीतलं घर विकून मी आणि बायको पूर्णवेळ आरव्हीत राहणार आहोत. मुलं आपापल्या मार्गाला लागली. इतकी वर्षं या देशात काढून आम्ही पाहिलं काय, तर विमानतळ आणि नातेवाइकांची घरं. आता एकेका ठिकाणी दोन-तीन आठवडे मुक्काम करत सावकाश फिरायचं आहे.

प्रश्न मोटरसायकलचा आहे. माझ्याकडे रॉयल एनफील्डची हिमालयन आहे, ४११ सीसीची. ती विकायची नाही, हे नक्की. बायकोला मागे बसून फिरायला मनापासून आवडतं, त्यामुळे घरातून विरोध नाही. वेगळी कार ओढत न्यायची नाही, बाइकवरच भागवायचं, असा विचार आहे.

एक गाडी जवळजवळ पसंत केली आहे. ३१ फुटी क्लास सी, म्हणजे फोर्ड ई-४५० व्हॅनच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम, मागे हिच रिसीव्हर (ट्रेलर किंवा कॅरिअर अडकवायची पोलादी नळी) आहे. विक्रेता म्हणतो, ‘हिच ५,००० पौंडांचा आहे, तुमची बाइक साडेचारशेच्या आत, कॅरिअर लावा आणि निघा.’ माझा मेहुणा ट्रक चालवतो. तो म्हणतो, घाई करू नकोस, आधी विचारून घे. म्हणून विचारतोय. मागे टांगलेल्या कॅरिअरवर बाइक नेणं कायमच्या राहण्यासाठी ठीक आहे का? कार नसताना खरंच भागतं का? आणि घरच नसेल तर लायसन्स, विमा, टपाल यांचं काय करतात? बायको अजून ग्रीन कार्डवर आहे, तेही लक्षात घ्यायला हवं.

कप्पी

उंबरठाकाका, आम्ही टॉय हॉलर घेतला. फिफ्थ व्हील आहे, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर अडकवून ओढायचं घर, मागे गॅरेज, त्यात दोन बाइक. मुक्कामी पोचलो की मागचं दार रॅम्पसारखं खाली सोडायचं, बाइक बाहेर काढायच्या, आणि गॅरेजची खोली होते. माझी बायको तिथेच बसून ऑफिसचं काम करते. ओढायला ट्रक आहे, तो सोडवला की बाजारहाटाला तोच कामी येतो. पावसापाण्याची चिंता नाही.

पण यातही दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे पेट्रोलचा वास. बाइक आत असताना खिडक्या उघड्या ठेवल्या तरी पहिला तासभर जाणवतो. त्यामुळे आम्ही बाइक आत ठेवून कधी झोपत नाही. दुसरी गोष्ट वजनाची. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. टॉय हॉलरचं गॅरेज चाकांच्या मागे असल्याने रिकाम्या गॅरेजने ट्रकवर जास्त भार येतो, आणि बाइक चढवल्या की तो कमी होतो. म्हणजे ट्रक घेताना रिकाम्या गॅरेजचा आकडा धरावा लागतो. आम्हाला एक टनी, म्हणजे जास्त भार सोसणारा, ट्रकच घ्यावा लागला आणि बजेट पार बदललं. एकाच बाइकसाठी एवढं करावं का, ते तुम्ही ठरवा.

रानवाट

उंबरठा, तुमचा मेहुणा बरोबर सांगतोय. विक्रेत्याने तुम्हाला जो आकडा दिला तो तुमच्या कामाचा नाही.

५,००० पौंड ही ओढण्याची मर्यादा आहे, म्हणजे स्वतःच्या चाकांवर मागून येणाऱ्या वजनाची. हिचवर सरळ खाली किती भार चालेल, हा आकडा वेगळा असतो. हिचवरच्या स्टिकरवर दोन्ही लिहिलेले असतात, आणि ५,००० च्या हिचला खालचा भार बहुतेक वेळा ५०० असतो. कॅरिअरला चाकं नाहीत, त्यामुळे बाइकचं सगळंच्या सगळं वजन या दुसऱ्या आकड्यात मोजायचं. हिमालयन कंपनीच्याच आकड्याप्रमाणे १९९ किलो आहे, टाकी जवळपास भरलेली धरून. म्हणजे ४३९ पौंड. कॅरिअर, रॅम्प आणि पट्टे मिळून आणखी शंभरेक पौंड. झाले ५४०. अंगणातून गाडी हलायच्या आधीच मर्यादा ओलांडली. आणि हे उभ्या गाडीचं वजन झालं. रस्त्यात खड्डा आला, पुलाच्या सांध्यावर गाडी उसळली, की तोच भार क्षणभर कितीतरी वाढतो. ते सगळं सोसायचं दोन इंची चौकोनी नळीने आणि चासीच्या मागे जोडून वाढवलेल्या पोलादी पट्ट्यांनी.

तुम्ही म्हणाल, मग ७५० चा हिच बसवून घेतो. हिच बदलता येईल, पण गाडीचा मागचा अक्ष बदलता येत नाही. इथे तरफेचं साधं गणित आहे. ते मांडून दाखवते, कारण मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते.

३१ फुटी क्लास सीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १८ फूट धरा. मागच्या चाकांच्या मागे बॉडी बरीच बाहेर आलेली असते. त्यात कॅरिअर मिळवला तर बाइकचा मध्य मागच्या अक्षापासून १२ फुटांवर जातो. ५४० पौंड १२ फुटांवर टांगले की पुढच्या चाकांवरचा भार ५४० गुणिले १२ भागिले १८, म्हणजे ३६० पौंडांनी कमी होतो. आणि मागच्या अक्षावर ५४० नाही, त्यात हे ३६० मिळवून ९०० पौंड चढतात. या गाड्यांचा मागचा अक्ष मुळातच मर्यादेच्या जवळ असतो, कारण पलंग, कपाटं, बऱ्याचदा पाण्याच्या टाक्या, सगळं मागेच. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी ढकलल्यासारखी होते, आणि मग दिवसभर स्टिअरिंग घट्ट धरून चालवावं लागतं. सुट्टीत चार दिवस माणूस सहन करेल. तुम्ही यात राहणार आहात.

शिवाय गाडीत किती सामान चालेल याचा पिवळा स्टिकर असतो, दाराजवळ किंवा आत कुठेतरी. मोटरहोमच्या स्टिकरवरच्या आकड्यात माणसंसुद्धा धरलेली असतात. ई-४५० चं एकूण मान्य वजन १४,५०० पौंड, आणि त्यावर लांबलचक बॉडी बांधली की सामानासाठी फारसं उरत नाही. पाणी गॅलनला ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की ३३२ पौंड तिथेच गेले. मग तुम्ही दोघं, भांडी, कपडे, पुस्तकं, हत्यारं, बॅटऱ्या. सुट्टीवर जाणारा माणूस बॅग घेऊन चढतो, आपण अख्खा संसार घेऊन चढतो. म्हणून माझं सांगणं असं की आधी बाइक ठरवा, तिचं वजन ठरवा, ती कुठे आणि कशी बसणार ते ठरवा, आणि मगच गाडी निवडा. उलटं करायला गेलं की शेवटी बाइकच विकावी लागते. कॅम्पग्राउंडच्या फलकांवर अशा विकाऊ बाइकच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

आमच्याकडे ३० फुटी मोटरहोम आहे आणि मागे एका बाइकचा लहान उघडा ट्रेलर. बाइक माझी, होंडा सीबी५००एक्स, वजनाने तुमच्या हिमालयनच्याच पंगतीतली. मोटरहोम नवरा चालवतो, बाइक मी. ट्रेलरचा मुद्दा असा आहे: बाइक आणि ट्रेलर मिळून १,००० पौंड झाले तरी हिचवर त्याचा १० ते १५ टक्केच भार येतो, म्हणजे १०० ते १५०. बाकीचं वजन ट्रेलरची स्वतःची चाकं घेतात. तीच बाइक कॅरिअरवर ५४० पौंडांनी गाडी मागे खेचते आणि ट्रेलरवर सव्वाशे पौंडांत समाधान मानते. शिवाय तुमचा ५,००० चा आकडा इथे खरोखर उपयोगी पडतो.

ट्रेलरला कष्ट नाहीत असं नाही. त्याचे टायर लहान असतात, त्यामुळे ते मोठ्या चाकापेक्षा जास्त फिरतात आणि बेअरिंग तापतात. आम्ही प्रत्येक थांब्यावर हबला हात लावून बघतो. हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही. अनेक ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात, आणि कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर मर्यादाच ५५ आहे. म्हणून आम्ही ५५ ते ६० वरच चालतो. कुणी मागून हॉर्न दिला तर देऊ दे. बाइक चढवताना वजन ट्रेलरच्या अक्षाच्या किंचित पुढे पडायला हवं. मागे पडलं की हिचवरचा भार घटतो आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, ते फार धोक्याचं.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. पुढच्या चाकासाठी पक्का बोल्ट केलेला चॉक (चाक अडकवून धरणारा साचा) हवाच. मऊ लूप (पट्ट्यांचे हुक अडकवायचे कापडी फास) खालच्या ट्रिपल क्लॅम्पभोवती, म्हणजे पुढच्या फोर्कचे दोन्ही दांडे जोडणाऱ्या भागाभोवती, घ्यायचे, हँडलच्या टोकांना नाही. पुढे दोन पट्टे पुढच्या दिशेला ताणलेले, मागे दोन मागच्या दिशेला. फोर्क पूर्ण दाबून बसवायचा नाही, निम्म्यापेक्षा कमीच दाबायचा. नाहीतर सील जातात, आणि दणका बसला की दबलेल्या फोर्कला आणखी जागा नसल्याने तो सगळा थेट पट्ट्यांवर येतो. पट्ट्याचं उरलेलं टोक फडफडत ठेवू नये, ते स्वतःला आणि रंगाला दोन्ही कापतं. ट्रेलरवर असताना बाइकला कव्हर घालू नका, वाऱ्याने ते सँडपेपरसारखं घासतं. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांत एकदा थांबून चारही पट्टे पुन्हा ताणायचे. पहिल्या काही मैलांत सगळं थोडं बसतं, आणि हे टाळण्यासारखं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आता एवढा खटाटोप का करायचा, तेही सांगते. या देशातले जे रस्ते बघायचे, तिथे आपलं घर जाऊच शकत नाही. ग्लेशिअर नॅशनल पार्कचा गोइंग-टू-द-सन रोड घ्या. अ‍ॅव्हलांच आणि रायझिंग सन यांच्यामधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे, आणि रुंदीत आरसेही धरतात. झायन नॅशनल पार्कमध्ये माउंट कार्मेलच्या बोगद्यातून पूर्वी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या सोडत. ७ जून २०२६ पासून त्यांना त्या रस्त्यावर बंदीच आहे, आणि मर्यादा ७ फूट १० इंच रुंदीची, म्हणजे बहुतेक क्लास सी बाद. साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कच्या नीडल्स हायवेवर एक बोगदा ८ फूट रुंद आणि ९ फूट ९ इंच उंच आहे. आपलं घर पायथ्याशी सावलीत उभं करावं आणि सकाळी सहाला बाइक काढावी. मॉन्टानातल्या रेड लॉजहून बेअरटूथ हायवेने वर चढताना १०,९४७ फुटांवर जुलैतही रस्त्याच्या कडेला बर्फ असतो. हेल्मेटच्या आत थंड हवा शिरते, इंजिनाचा आवाज बदलतो, आणि खाली तळी एकामागून एक दिसायला लागतात. मोटरहोमला तिथे बंदी नाही. पण त्या वळणांवर मोटरहोम चालवणाऱ्याला तळी दिसत नाहीत, फक्त कठडा दिसतो. नवऱ्याला मी मागे बसवून नेलं तेव्हा तो खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, पुन्हा जाऊ या. बाइक विकू नका. तिच्यासाठी नीट जागा करा.

उंबरठा

रानवाटताई, तुमचं गणित छापून मेहुण्याला दिलं. त्याने अक्षाचे आकडे तीनदा तपासले आणि मान डोलावली. कॅरिअर बाद. कप्पी, तुमचंही पटलं, पण एक टनी ट्रक आणि टॉय हॉलर आमच्या आवाक्याबाहेर आहे.

ट्रेलरबद्दल एकच धास्ती. रिव्हर्स घेणं. मी आयुष्यात कधी ट्रेलर मागे घेतलेला नाही, आणि ऐकलंय की लहान ट्रेलर जास्त त्रास देतो. दुसरं, बायकोची शंका. ती विचारते, बाइकवर फिरणं ठीक, पण कुणी आजारी पडलं, किंवा आठवडाभर पाऊस लागला, तर काय करायचं?

दोनचाकी

मध्येच बोलतो. मी एकटा, लहान व्हॅनमध्ये राहतो, आणि मागे होंडा ट्रेल १२५ आहे. तिचं वजन २६० पौंडांच्या आत आहे, त्यामुळे माझ्या हिचला कॅरिअर चालतो. ज्यांना महामार्गावर जायचं नाही, फक्त कॅम्पपासून गावापर्यंत आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरायचंय, त्यांनी मोठी बाइक विकून अशी हलकी घ्यायचा विचार जरूर करावा. काकांना दोघांनी फिरायचंय, त्यामुळे त्यांच्यासाठी नाही. पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. आणि कॅरिअर लावणाऱ्या सगळ्यांसाठी एक: बाइक मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकते. दिव्यांची वेगळी पट्टी बसवा, नाहीतर पोलिस थांबवतात, आणि थांबवणं योग्यच आहे.

रानवाट

रिव्हर्सची भीती रास्त आहे. लहान ट्रेलर लवकर वळतो, आणि लांब मोटरहोमच्या आरशात तो दिसत नाही. दिसतो तेव्हा तो आडवा झालेला असतो. पण त्याचा उपाय ट्रेलरच्या लहानपणातच आहे. आमचा रिकामा ट्रेलर मी एकटी हाताने ढकलते. अवघड जागी आली वेळ की बाइक खाली उतरवायची, ट्रेलर सोडवायचा, हाताने फिरवून बाजूला लावायचा, मोटरहोम लावून घ्यायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. अंधार पडल्यावर पोचायचं नाही, एवढा नियम पाळला तर यात चिडचिड होत नाही. शक्य तिथे पुल-थ्रू जागा घ्यायची, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर. पेट्रोल भरायला ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी वेगळी रांग असते तिथे जायचं, शहरातल्या कोपऱ्यावरच्या पंपावर नाही. मागे कॅमेरा लावून घ्या. आणि रविवारी सकाळी एखादं मोठं पार्किंग रिकामं असतं, तिथे जाऊन सराव करा. स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा. हात ज्या दिशेला नेला त्या दिशेला ट्रेलर जातो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं हातात बसतं.

कार नसण्याबद्दल. आम्ही मोठा बाजार घर हलवायच्या दिवशी करतो. निघालोच आहोत तर मोटरहोमच दुकानाच्या पार्किंगच्या लांबच्या टोकाला उभा करायचा, आणि तांदूळ, पीठ, पिण्याचं पाणी, धुण्याची पावडर, जे जड असेल ते सगळं थेट कपाटात. मधल्या दिवसांत दूध, भाजी, औषधं एवढंच बाइकवर. दोन पॅनिअर (बाजूच्या पेट्या) आणि वरचा एक बॉक्स पुरतो. प्रोपेनची टाकी मात्र बाइकवर कधीही नाही.

जिथे दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम आणि हवामान बेभरवशाचं, तिथे आम्ही काही दिवस भाड्याची कार घेतो. कार विकत घेऊन, तिचा विमा भरून, वर्षभर मागून ओढत नेण्यापेक्षा ते आम्हाला परवडतं. आजारपणाचं म्हणाल, तर तुमच्या बायकोचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर निघायच्या आधी तयार असायला हवं. प्रत्येक नव्या जागी पोचलो की पहिल्या संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी कागदावर लिहून दारावर लावतो: आपण कुठे आहोत, म्हणजे कॅम्पचं नाव, जागेचा क्रमांक, जवळचा रस्ता; सगळ्यात जवळचं इमर्जन्सी असलेलं रुग्णालय; आणि फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते. रानात उभे असाल आणि ९११ ला फोन लावावा लागला, तर घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. आणखी एक, मोटरहोम तुमच्या बायकोलाही चालवता आला पाहिजे. आवडीने नाही, गरजेला. बाइकवर पडलात, हात मोडला, तर घर कोण हलवणार? माझा नवरा बाइक चालवत नाही, पण ट्रेलरवर चढवून बांधायला शिकलाय. मी मोटरहोम चालवायला शिकले आहे. यावर आम्ही कधी तडजोड केली नाही.

हिवाळ्यासाठी एक सुचवते. पहिला हिवाळा अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटला काढा. तिथे बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमिनींच्या खात्याच्या, लांब मुक्कामाच्या जागा आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा परवाना १८० डॉलरला मिळतो. वीज-पाण्याच्या जोडण्या नाहीत, पण त्यातल्या ला पोसा या जागी पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाणी रिकामं करायची जागा) आहे. एरवी बीएलएमच्या मोकळ्या जागी बहुतेक ठिकाणी १४ दिवसांनी हलावं लागतं. तिथे हलावं लागत नसल्याने नव्या माणसाला सौर पॅनेल, बॅटऱ्या, टाक्या किती दिवस पुरतात याचा अंदाज शांतपणे येतो. घर उभं, बाइक मोकळी, आणि हिवाळ्यातलं वाळवंट बाइकसाठी फार सुंदर. एकच, वाळू. कच्च्या वाळूच्या ओहोळात दोघांनी जाऊ नका.

दप्तर

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण आम्ही यातून गेलो आहोत.

घर नसलं तरी एक कायदेशीर पत्ता लागतोच. पूर्णवेळ फिरणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्ही राज्यांत उत्पन्नावर राज्याचा कर नाही, आणि टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवा जुन्या आणि मुरलेल्या आहेत. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबचं मोठं टपाल केंद्र आहे, आमचं तिथेच येतं. टेक्ससने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली, त्यामुळे तेवढ्यासाठी परत जावं लागत नाही. राज्य निवडताना कराआधी आरोग्य विमा बघा. तुम्ही ६५ च्या आत असाल तर सरकारी मार्केटप्लेसवरून घ्यायच्या विमा योजनांचं डॉक्टरांचं जाळं राज्यापुरतं, कधी कधी काउंटीपुरतं असतं. ६५ नंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारी मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेली असते, ती फिरत्या माणसाच्या सोयीची नाही.

गाडीचा विमा घेताना ‘आम्ही यातच राहतो’ हे स्पष्ट सांगून पूर्णवेळ राहणाऱ्यांची पॉलिसी घ्या. घराच्या विम्यात जी दायित्वाची बाजू असते, ती घर विकल्यावर जाते. या पॉलिसीत ती परत मिळते. बाइकची पॉलिसी वेगळी आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी.

वहिनींबद्दल महत्त्वाचं: ग्रीन कार्डवर असलेल्यांनी पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, कळवायचं असतं, एआर-११ फॉर्म, ऑनलाइन भरता येतो. न्यू जर्सीचं घर सोडलं त्याच आठवड्यात करून टाका. आणि ६२ पूर्ण झाली की राष्ट्रीय उद्यानांचा सीनिअर पास घ्या. ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा. नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना दोघांनाही मिळतो. सरकारी कॅम्पग्राउंडपैकी अनेक ठिकाणी मुक्कामाचे पैसे निम्मे होतात. पूर्णवेळ फिरणाऱ्याला तो पहिल्या महिन्यातच वसूल होतो.

उंबरठा

दप्तर, खूप आभार. एआर-११ आमच्या डोक्यातच नव्हतं. रानवाटताई, बायकोने दारावरच्या कागदाचं वाचलं आणि म्हणाली, या बाईंना विचार, मागे बसणाऱ्याने काय काय घ्यावं. तेवढं सांगाल?

रानवाट

त्यांना आधी सांगा की हेल्मेट त्यांचं स्वतःचं, त्यांच्या डोक्याच्या मापाचं घ्यावं. तुमचं जुनं नको. राज्याराज्यांत कायदा बदलतो. कॅलिफोर्निया आणि नेवाडात सगळ्यांना सक्ती आहे, अ‍ॅरिझोना आणि साउथ डकोटात फक्त १८ वर्षांखालच्यांना. तुम्ही कायदा बघूच नका, दोघांनीही कायम घाला. पाठीला आणि कोपरांना पॅड असलेलं जॅकेट, घोट्यावर जाणारे बूट, आणि हातमोजे दोन जोड, एक उन्हाळी, एक थंडीचा. उंचावर मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्यापेक्षा लवकर थंडी वाजते, कारण त्याच्या शरीराची काही हालचाल नसते. हेल्मेटमध्ये बोलायचा इंटरकॉम घ्या. ‘थांब, मला हे बघायचंय’ एवढं सहज म्हणता आलं की मागे बसणारा माणूस सामान राहत नाही, सहप्रवासी होतो. आणि पहिला महिना दिवसाला शंभर मैलांच्या आत राहा.

गाडी घ्यायच्या आधी मात्र एक करा. विक्रेत्याला सांगा, चाचणी फेरीला मी ती ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेणार आहे. थोडक्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या अक्षाचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. पाण्याची आणि पेट्रोलची टाकी भरलेली असू दे, आणि तुम्ही दोघं आत बसलेले. मग दारावरच्या पट्टीवरच्या दोन्ही अक्षांच्या मर्यादा, पिवळ्या स्टिकरचा आकडा, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि मागच्या अक्षापासून हिचपर्यंतचं अंतर टेपने मोजून हे सगळं इथे टाका. मी ट्रेलरसकट हिशेब मांडून देते. वजन करू देणार नाही असं तो म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.